ओढून धरलेलं धनुष्य

माझी मुलगी धनुष्य ओढून उभी होती आणि तेवढ्यात निशाण्याच्या फळीशेजारी एक चितळ येऊन थांबलं. आमच्या गावामागच्या या माळाला लागूनच जंगल आहे.

माझ्याजवळ सासरे बसले होते. तरुणपणी त्यांनी बांबूच्या धनुष्याने कितीतरी चितळं मारलेली. पुढे शिकारीला बंदी आली. ते धनुष्य आता फक्त लग्नकार्यात आढ्यावरून खाली निघतं आणि नात स्पर्धेसाठी टोकांना छोटी चाकं लावलेलं नवं धनुष्य चालवते.

सासरे गुडघ्यांवर कधी आले, मला कळलंच नाही. त्यांची बोटं दोरी धरल्यासारखी वळली होती. मुलीनं बाणाचं टोक किंचित वळवलं, चितळाकडे. हाक मारावी तर ती दचकेल आणि बाण सुटेल.

"आजोबा, सोडू?" ती पुटपुटली.

त्यांची नजर चितळावरच होती. ती तशीच उभी राहिली. चितळानं मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश झाडीत शिरलं. मग मुलीनं दोरी हळूहळू सैल केली.

सासऱ्यांनी तिचं मनगट चाचपलं. "इतका वेळ धरलंस, हात भरून आला नाही?"

"नाही आजोबा. पूर्ण ओढलं की याचा भार कमी होतो. हवं तेवढं थांबता येतं."

नवं धनुष्य म्हणजे फक्त अचूक नेम, असं मी आजवर समजत होते. सासऱ्यांनी झाडीकडे पाहिलं.

"आमचं थांबू देत नव्हतं गं," ते म्हणाले. "ओढलं की सोडावंच लागायचं."