नक्शातली उगवत

हसायचं तर आधीच हसून घ्या. ही फजिती मी कुणाच्या सांगण्यावरून केली न्हाई, सगळी अक्कल माझी एकटीची.

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच. टँकर पाटलाच्या गल्लीत रिकामा व्हायचा. आमच्या बौद्धवाड्यात पोचायचा तो नुसता त्याचा आवाज. का? तर वॉर्डाची रेघ आमच्या वस्तीमधून जायची. बैल चालता चालता मुततो ना, तशी रेघ. अर्धी मतं इकडं, अर्धी तिकडं. आमचा मेंबर निवडून येणार कसा, आणि टँकरला हाक मारणार कोण?

मग वॉर्ड नव्यानं पाडायचे ठरले. कच्चा नक्शा चावडीवर लागला. मी शाळेत गेलेली न्हाई, दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. त्यामुळं मला कुणी समजावलेलं खपत न्हाई. नक्शावर नावं नव्हती, नुसते घरांचे चौकोन. आमची वस्ती गावाच्या उगवतीला. आणि उगवत कागदाच्या वरच असणार की! आम्ही धान्य निवडायलाबी उगवतीकडं तोंड करून बसतो. वर बघितलं, तर रेघ बरोबर घरांच्या मधून.

"पुन्हा चिरलं आपल्याला," मी म्हणाले.

माझी सून कांता सातवी शिकलेली. "आत्या, एकदा गुरुजींना दाखवू का?"

"गुरुजी मला माझं घर दाखवणार व्हय?"

हरकतीच्या अर्जावर वस्तीतल्या समद्यांचे अंगठे घेतले आणि सुनावणीच्या दिवशी तहसील गाठलं. तिथं पाटील आधीच बसलेले. त्यांचीबी काहीतरी हरकत होती म्हणे. मी ढुंकून बघितलं न्हाई.

साहेबांनी टेबलावर नक्शा पसरला. मी वरच्या घरांवर बोट रोवलं. "ही घरं एका वॉर्डात पाहिजेत. एकबी तुटायचं न्हाई."

"नक्की हीच?"

"साहेब, जन्म गेला माझा तिथं."

"मग वॉर्डांतल्या माणसांचा आकडा जुळवायला ही उजवीकडची वस्ती तोडावी लागेल."

"तोडा. त्यांनाबी कळू द्या कसं लागतंय ते."

पाटील हात जोडून उठले. "साहेब, सरूबाईंच्या म्हणण्याला माझा पाठिंबा. मी माझी हरकत मागं घेतो."

मला भ्याला, दुसरं काय? येताना अख्ख्या एसटीला मी तेच सांगत आले.

पक्का नक्शा लागला. ह्या बारीला गल्ल्यांची नावं होती. कांता बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"आत्या, नक्शात वरच्या अंगाला उत्तर असती."

"असू दे की."

"उत्तरंला पाटलाची गल्ली हाय. आपण उजवीकडं."

म्हंजे कच्च्या नक्शात आमची वस्ती अखंड होती आणि चिरली होती ती पाटलाची गल्ली. कधी नव्हे तो सरकारनं न्याय केला, तर मी अंगठे गोळा करून, एसटीचं तिकीट काढून, तो रद्द करून आले.

पाटलाचा माणूस निवडून आला. आठवडाभर वस्तीत माझ्याशी कुणी धड बोलंना. सून तेवढी बोलायची, तेबी चुलीकडं बघून.

मग एका दुपारी टँकर चक्क आमच्या वस्तीत शिरला. बायका घागरी घेऊन धावल्या. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"लाइन लावू नका. पाटलांनी एकाच घरी खाली करायला सांगितलंय. त्यांच्या वकीलबाई कुठं राहत्यात?"

समद्या वस्तीनं माझ्या दाराकडं बोट केलं.