चार आण्याचं वावर

निंभोरखेड्याच्या झुंबरबाईला राग सावकाश यायचा, आणि एकदा आला की तो जायचं नाव घेत नसे. तिची सासू म्हणायची, ही पोर चिडली की भांडत नाही, दळायला बसते. खरंच होतं ते. जात्याशी बसून ती राग मनात घोळवत राहायची, आणि पीठ मात्र असं बारीक पडायचं की शेजारणी चाळण बाजूला ठेवायच्या.

निंभोरखेडं अंजनीच्या काठचं, एरंडोलपासून दोन कोसांवर. नदीपलीकडे पळसवाडं, ते तिचं माहेर. सासर-माहेरात अंतर एवढ्या पाण्याचं, आणि उन्हाळ्यात पाणीही नाही, नुसती वाळू. नवरा उखर्डू तापानं गेला तेव्हा ती तिशीत होती. पोटी मूल नव्हतं. भाऊबंदांनी सुचवून पाहिलं की वावर आमच्याकडे दे नि माहेरी जाऊन सुखानं राहा. ती गेली नाही. शेजारचा वना तिच्या वावरात औत घालायचा, त्याच्या निंदणी-कापणीला ही जायची, आणि असं हाताला हात देऊन तिनं सात एकर काळी जमीन पिकती ठेवली.

घराण्याची देवी, कानबाई, तिच्याच घरात होती. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याला, गहू लागतो, भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावानं एकेक मूठ. झुंबरबाई चैत्रातच हा गहू निवडून देवघरातल्या मडक्यात भरायची आणि वर तांबडं फडकं बांधायची. त्यात रुपचंद पाटलाच्या नावाचीही मूठ असायची. गावचा पाटील तिचा चुलतजेठ, नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ होता. तिला तो नाना. जेठाशी सुनेनं बोलायचं नाही, तोंडावरचा पदर काढायचा नाही, हे ती लग्नाच्या दिवसापासून पाळत आली होती.

स्वराज्य आल्यावर धान्यावरचा सरकारी ताबा मध्यंतरी उठला होता. वर्षभरात तो पुन्हा बसला. शहरांना खाऊ घालायचं म्हणून प्रत्येक गावानं किती ज्वारी, किती गहू सरकारला घालायचा ते ठरून यायचं. याला सगळे लेव्ही म्हणत. कुणाच्या वावरावर किती, ते पिकाच्या आण्यांवर ठरे. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, चार आणे म्हणजे गेलेलं. आणे कुणी सांगायचे, तर पाटलानं. रुपचंद पाटलानं स्वतःच्या तीस एकरांचे सांगितले चार आणे. गावाचा आकडा तर भरायलाच हवा होता. म्हणून त्यानं झुंबरबाईच्या सात एकरांचे सांगितले बारा. तिच्या वावराला त्याच्या वावराचा बांध लागून होता. माती एक, पाऊस एक.

एकोणपन्नासच्या चैत्रात लेव्हीवाले तिच्या दारात आले. तालुक्याहून आलेला कारकून, दोन हमाल आणि पाटील. कोठीतली दादर ज्वारी त्यांनी भरली, तरी आकडा पुरेना.

"आणखी कुठे आहे?" कारकुनानं विचारलं.

पाटील उंबऱ्याशी उभा होता. म्हणाला, "देवघरमा देखा."

झुंबरबाई पदराआडून कारकुनाला म्हणाली, "साहेब, तो कानबाईना गहू शे. रोटना."

"बाई, धान्य ते धान्य. मडक्यावर देवीचं नाव लिहिलंय का?"

"नानास्ले विचारा. तेस्ना नावनी मूठ बी शे त्यामा."

कारकुनानं पाटलाकडे पाहिलं. पाटलानं एक शब्द टाकला असता तर मडकं राहिलं असतं, कारकून काही वाईट माणूस नव्हता. पाटील अंगणातल्या निंबाकडे पाहत म्हणाला, "सरकारी काम शे. भाऊबंदकी मंग देखू."

हमालानं तांबडं फडकं सोडून कोपऱ्यात टाकलं आणि मडकं पोत्यात पालथं केलं. गाडी गेल्यावर झुंबरबाईनं फडकं उचललं, धुतलं, वाळत घातलं आणि जात्याशी बसली. जात्यात घालायला दाणा नव्हता. ती रिकामं जातं फिरवत राहिली. शेजारची कमलबाई, म्हणजे वनाची बायको, आवाज ऐकून आली आणि तिचा हात धरून तिला उठवून घेऊन गेली.

त्या श्रावणात रोट माहेरच्या गव्हाचा झाला. पाटील जेवायला आला, आपल्या नावाचा घास घेतला, हात धुतले, गेला. त्याच्या गोठ्याखाली ज्वारीची दोन पेवं भरलेली होती हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं, कारण बोलणाऱ्याच्या वावराचे आणे वाढायचे.

झुंबरबाईनं देवापुढे दिवा लावताना कधी कुणाचं वाईट मागितलं नव्हतं. आता मागू लागली. पण नुसतं मागून होत नाही हे तिला कळत होतं. वाट शोधायला हवी होती, आणि ती तिला पुढच्या वर्षी चावडीच्या भिंतीवर सापडली.

भिंतीवर दोन कागद डकवलेले होते. एक लेव्हीचा, कुणी धान्य दडवलं तर काय होईल त्याचा. दुसरा नवा होता. सरकारनं अधिक धान्य पिकवायची मोहीम काढली होती, त्यात पिकांची चढाओढ ठेवली होती. ज्याच्या एकरी दादर जास्त उतरेल त्याला तालुक्याचं बक्षीस, लोखंडी नांगर आणि मानपत्र. पंचांसमोर पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. झुंबरबाई पळसवाड्याच्या शाळेत मराठी चार इयत्ता शिकली होती. तिनं दोन्ही कागद खालपर्यंत वाचले. दोन्हींच्या खाली सही एकाच मामलेदाराची होती, शिक्काही तोच.

वना येऊन उभा राहिला. "काय वाचस, अक्का?"

"काही नही रे. अक्षर कसं शे ते देखस."

आठ दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला ती माहेरी गेली. त्या सणाला नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या लेकी जमतात आणि एकमेकींच्या गावाला शिव्या घालतात. कुणाच्या बापाला, कुणाच्या भावाला, पाटलाला, कुणालाही. त्या दिवसाच्या शिवीचा राग धरायचा नाही, अशी रीत आहे. झुंबरबाई पळसवाड्याची लेक. त्या काठावर तिला पदर नव्हता, आणि त्या दिवसापुरतं पलीकडचं गाव तिचं सासर नव्हतं. समोरच्या काठावर पाटलाची लेक बेबा माहेरपणाला आलेली, मैत्रिणींबरोबर पुढेच उभी होती.

पोरींची बरीच शिवीगाळ झाल्यावर झुंबरबाई वाळूत उतरली.

"काय वं निंभोरखेडाना पोरीसवन, तुम्हना पाटीलना वावरमा काय पिकस?"

"मोती पिकतस," बेबा म्हणाली.

"चार आना पिकतस. तीस एकर काळी, नि कागदवर चार आना. तेनापेक्षा आम्हना मसनवटामा गवत बरं वाढस."

पळसवाड्याचा काठ हसला. दुसऱ्या काठावरच्याही दोघी-तिघी तोंड फिरवून हसल्या.

"तुम्हना गावमा तर दगडं पिकतस," बेबा ओरडली.

"दगडं पिकू दे. मना भाऊ जीवराम चढाओढमा नाव देनार शे. तो नांगर लई जाई. तुम्हना चार आनाना पाटीलले सांगा, टाळ्या वाजाडाले येजो."

जीवरामला या नाव देण्याचा पत्ता नव्हता. त्याला तिनं घरी आल्यावर सांगितलं, आणि तो कुरकुरत तयार झाला.

बेबानं घरी जाऊन सांगितलं तेव्हा पाटील म्हणे हसला. पण शिवी दोन्ही गावांत फिरली. बाजाराच्या दिवशी एरंडोलला पळसवाड्याच्या कुणीतरी "या चार आणे" म्हणून त्याला हाक मारली. तीस एकरांचा धनी, चौदा बैलांचा मालक, त्याला हे कसं सोसावं. त्याच आठवड्यात त्यानं चढाओढीला नाव दिलं.

ही बातमी झुंबरबाईला धुण्याच्या दगडावर मिळाली, पाटलाच्या बायकोकडून, वच्छलाबाईकडून. वच्छलाबाई साधी बाई. म्हणाली, "मी म्हन्तं, कागदवर चार आना शेतस, मंग नाव कसाले देतस? तर म्हनतस, ते लेव्हीनं खातं, हाई शेतकीनं. एक खातं दुसरा खातासंगे बोलस का कधी?"

"तेस्ले जास्त समजस, बाई," झुंबरबाई म्हणाली आणि लुगडं जरा जोरात आपटलं.

त्या हंगामात पाटलानं एक वावर पोरासारखं जपलं. बांधालगतचंच ते. शेणखताच्या गाड्या पडल्या, बियाणं पारखून पेरलं, निंदणीला दुप्पट बाया लावल्या. झुंबरबाई आपल्या वावरातून रोज ते पाहायची. दादर गुडघ्याला आली, कमरेला आली, डोक्यावर गेली. पोटऱ्यात कणीस धरायच्या वेळी आभाळ भरून आलं तर तिचा जीव खालीवर व्हायचा. संध्याकाळी कानबाईपुढे हात जोडून ती पाटलाच्या वावराला भरलं पीक मागायची. इतक्या मनापासून तिनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं.

देवीनं ऐकलं. एक्कावन्नच्या माघात पंच आले, दोरी टाकून तुकडा आखला, कापला, मळला, तोलला. जीवराम तिसरा आला. पाटील तालुक्यात पहिला. एरंडोलला मांडव घालून मामलेदारांनी त्याच्या हाती मानपत्र दिलं, नांगर त्याच्या गाडीत चढवला. गाडी गावात वाजतगाजत आली. झुंबरबाईनंही दारात उभं राहून पाहिलं. नांगराला हार घातला होता.

पंधरा दिवसांत लेव्हीचे कागद मामलेदारांच्या पुढ्यात गेले. निंभोरखेडं, रुपचंद पाटील, तीस एकर, चार आणे. ज्या हातानं मानपत्रावर सही केली तोच हात या कागदावर थांबला. दुसऱ्या दिवशी मामलेदार स्वतः आले. पाटलाचा गोठा खणला. दोन्ही पेवं निघाली. सहा गाड्या लागल्या. चौकशी होईपर्यंत पाटीलकी काढून घेतली. ज्वारी भरताना पाटील आपल्या दारच्या निंबाखाली उभा होता, आणि या खेपेला निंबाकडे पाहायचंही त्याला सुचत नव्हतं. झुंबरबाई बायकांच्या गर्दीत होती. गाडी भरली की ती मनात मोजायची. सहावी भरली तेव्हा तिला वाटलं, अजून एक हवी होती.

पण मामलेदार तिथं थांबले नाहीत. त्यांनी बांधाबांधावरून चक्कर मारली. माती सगळीकडे तीच. या वावरात एवढं पिकतं तर बाकीच्या वावरांत सहाच आणे कसे? मग त्यांनी अख्ख्या शिवाराचे आणे वाढवले. वनाचे, पाटलापुढे कधी तोंड न उघडलेल्या चुडामणचे, सगळ्यांचे. माणशी खाण्यापुरतं ठेवलं नि बाकी नेलं. झुंबरबाईचंही नेलं.

हे तिनं मनात धरलं नव्हतं. दोन कागदांच्या खालची सही तिनं वाचली होती, पण मामलेदारालाही डोळे असतील आणि तो बांधावरून चालेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

पावसाळ्यात घराघरातला दाणा संपत आला. गावात रेशनचं दुकान निघालं, त्यात अमेरिकेची मिलो यायची. तांबडी, जाड ज्वारी. भाकरी थापता थापता तुटायची आणि खाल्ली की पोटात दगड. एका सकाळी दुकानापुढे रांगेत कमलबाई पुढे, तिच्यामागे झुंबरबाई, आणि झुंबरबाईच्या मागे पिशवी घेऊन रुपचंद. त्याची रेशनची चिठ्ठी घेऊन यायला आता कुणी नव्हतं.

कमलबाई त्याला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होती. "बठ्ठं गाव लाल ज्वारी खाई राह्यनं, एक नांगरना पायी. मनी सून बाळंतीन, दूध नही अंगवर. जेना गळामा हार पडना तेना तोंडमा माती पडो."

कमलबाई पिशवी भरून निघून गेली तेव्हा रुपचंद हळूच, भलतीकडे पाहत म्हणाला, "आखाजीनं ते मुद्दाम व्हतं का?"

झुंबरबाईनं पदर होता तिथंच ठेवला, पण वळली. वीस वर्षांत जेठाशी बोललेला तिचा पहिला शब्द.

"हा नाना. मुद्दाम."

"गावले सांगी दिसू."

"सांगा ना. सांगा, एक बाईनी आखाजीले शिवी दिनी, म्हनीसन मी नांगर लेवाले गऊ."

दुकानदारानं तिची चिठ्ठी मागितली. तिनं पिशवी पुढे केली, मूठभर मिलो तळहातावर घेतली, खडे पाहिले, परत टाकली, पुन्हा घेतली. मागे रुपचंद गुडघे धरून उभा होता. तिनं तिसऱ्यांदा मूठ भरली.

घरी आल्यावर तिनं कोठीच्या तळाशी राहिलेली आपल्या वाट्याची दादर काढली. दोन पायली असेल. पाखडली, निवडली आणि सूप डोक्यावर घेऊन कमलबाईकडे गेली.

"बाळंतीनले दे. माले मिलो पचस."

"तुले कशी पचस, अक्का? कोनले पचत नही."

"माले पचस म्हनस ना."

कमलबाईनं सूप घेतलं. डोळे पुसले, तिच्या पायाला हात लावला, आणि पुन्हा एकदा रुपचंदचं वाटोळं चिंतलं, त्याच्या सात पिढ्यांसकट. झुंबरबाईच्या ओठांवर दोनदा आखाजीची गोष्ट आली. ती उंबऱ्यात थोडी थांबली. मग ते शिव्याशाप तिनं होते तिथंच राहू दिले आणि मिलो दळायला घरी गेली.