तांदळाच्या परातीपाशी

पनवेलला एसटी स्टँडच्या मागे, एका सोसायटीच्या तळमजल्यावर मी खेळवर्ग चालवते. अडीच ते साडेचार वर्षांची मुलं येतात. अक्षरं आम्ही शिकवत नाही. हुंगणं, चाखणं, चाचपणं, कान देऊन ऐकणं, एवढंच करतो. डब्यांत सुंठ, वेलची, लसूण घालून झाकणाला भोकं पाडायची आणि वासावरून ओळखायचं. पिशवीत हात घालून लिंबू आहे की बटाटा ते सांगायचं. आणि दर शुक्रवारी पायवाट. जमिनीवर ओळीने सहा पराती: पहिलीत तांदूळ, मग मूग, राजमा, खडेमीठ, वाळू आणि शेवटी ओला स्पंज. मुलांनी त्यांतून अनवाणी चालत जायचं. पालकांना ही पायवाट फार आवडायची. फोटो छान यायचे.

गेल्या जूनमध्ये साडेतीन वर्षांची एक मुलगी आली. आईबाप दोघं पनवेलमध्ये नोकरीला, म्हणून ती तोपर्यंत उरणकडच्या गावी, पूर्वी घरचं मिठागर असलेल्या आजीजवळ वाढलेली. बोलायची कमी, बाकी चुणचुणीत. पहिल्याच शुक्रवारी ती तांदळाच्या परातीपाशी थांबली. मागची मुलं पुढे गेली, ही हलेना. पुढच्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी मी तिला काखेत धरून उचललं आणि परातीत ठेवायला गेले, तर तिने दोन्ही गुडघे पोटाशी घेतले. रडली नाही. मीच काहीतरी खुळ्यासारखं करत असल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

मी तिच्या आईला बोलावून घेतलं. "पायाला काही लागलेलं तिला सहन होत नाही," मी म्हटलं. "एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या."

"पण मॅडम, गावी तर चिखलात तासन्‌तास बसते."

"घरचं वेगळं असतं," मी म्हटलं आणि वर्गाच्या कागदावर तसं लिहूनही दिलं. आईने कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि पुन्हा काढून वाचली. डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनंतरच्या सोमवारची मिळाली.

नातीला डॉक्टरकडे नेणार म्हटल्यावर आजी गावाहून आल्या. त्याआधीच्या शुक्रवारी त्याच तिला सोडायला आल्या होत्या. दारात चपला काढल्या आणि पराती बघत उभ्या राहिल्या.

"बाई, जेवनाची तयारी चाललीय काय?"

"नाही आजी, मुलं चालतात यावरून. पायांना वेगवेगळा स्पर्श कळावा म्हणून."

"तांदलावरून चालतात?"

"हो."

आजींनी नातीकडे पाहिलं. "तुला कोनी सांगितलंय ग, अन्नावर पाय नाय द्यायचा?"

मुलीने आजींकडे बोट दाखवलं.

"मंग डाक्टर कोनाला दाखवायचा हाय?" आजींनी मला विचारलं.

मी मिठाच्या परातीकडे बोट करून म्हटलं, "तुमचं तर मिठागर होतं ना? तिथे मिठाला पाय लागतच असणार."

"लागतो. कामाचा पाय लागतो. तरी आमी आधी हात लावून पाया पडायचो आनि मंग उतरायचो. तुमच्या पोरांचं काय काम हाय त्या मिठात?"

माझ्या घरी ओट्याखाली सांडलेल्या तांदळाला पाय लागला तर मीही वाकून हात लावते. वर्गात मात्र तांदूळ माझ्या लेखी 'साहित्य' झाला होता. आमच्या मदतनीस बाई पराती उचलण्याआधी दर वेळी त्यांना हात लावून कपाळाला लावायच्या, हे मी दोन वर्षं बघत होते. त्या दिवशी विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही एवढं शिकलेल्या. मला वाटलं, चालत असेल."

तरी नुसत्या आजींच्या शब्दावर कागद बदलणं मला पटेना. धान्याच्या आणि मिठाच्या पराती टेबलावर ठेवल्या, हातांनी खेळायला. खाली वाळू आणि स्पंज राहू दिला, सुकी पानं आणि नारळाच्या शेंड्या मांडल्या. एका परातीत सोसायटीच्या बागेतली माती कालवून चिखल केला. मुलगी एकदा आजींकडे बघून सरळ शेंड्यांवर चढली. तिथून पानं, वाळू, स्पंज. चिखलात गेली ती बाहेरच येईना. तिला काढायला मी आणि मदतनीस बाई, दोघी लागलो.

आईला तिथूनच फोन केला. डॉक्टरांची गरज नाही म्हटलं.

"तो कागद घरात सगळ्यांनी वाचलाय, मॅडम. पोरीला लांब ठेवली म्हणून अशी झाली, असं म्हणतात मला. आठवडाभर मोबाईलवर नको नको ते वाचतेय मी."

"चूक माझी आहे."

"मग तसं लिहून द्या."

मागणी रास्त होती. तसल्याच कागदावर लिहिलं: आधीचा शेरा चुकीचा आहे. मुलगी सर्व स्पर्शांना नीट प्रतिसाद देते. अन्नावर पाय द्यायचा नाही ही घरची शिकवण ती पाळत होती, आम्ही ते ओळखलं नाही. खाली सही केली.

आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा. मग म्हणाल्या, "शिक्का मारा त्याच्यावर."

मारला.