चाचांचं घुंगरू

मासा गळाला लागला की तो वर यायच्या आत फिटरचाचा त्याची जात सांगत. गळाचा तंगुसाचा दोरा त्यांच्या बोटावरून गेलेला असे. "रहू ओढतो, चिलापी टोचती," म्हणायचे. मी डोळे फाडून पाण्याकडे बघत बसे आणि मला काठी वाकलेलीही उशिरा दिसे. चाचांना तर दोन्ही डोळ्यांनी काही म्हणता काही दिसत नव्हतं.

नागापूरच्या कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली शिकलो. काचबिंदूनं नजर गेली तशी नोकरी गेली आणि चाचा खाटेला चिकटले. एकदा चाची म्हणाल्या, "ह्यांना कुठं तरी घेऊन जा रे, भिंतीशी बोलायला लागलेत." तेव्हापासून दर रविवारी मोटारसायकलवर मागे बसवून मी त्यांना श्रीगोंद्याच्या वाटेवरच्या एका तलावावर न्यायला लागलो. गळ टाकण्याचा नाद त्यांना लहानपणापासूनचा होता.

तिथली व्यवस्था त्यांनी स्वतः लावली. काठावरच्या बाभळीपासून पाण्यापर्यंत दोरी, तिला थोड्या थोड्या पावलांवर गाठी. शेवटची गाठ हाताला लागली की थांबायचं. दोरी धरून ते एकटे जात. हात द्यायला गेलो तर म्हणत, "मी काय नवरी हाय का?" काठीच्या टोकाला घुंगरू बांधलेलं, मासा लागला की वाजायचं. आठवड्यातला तेवढा एक दिवस हा माणूस कुणाच्या आधारानं चालत नसे, आणि त्या दिवसावर तो उरलेले सहा दिवस काढी.

कालव्याला पाणी सोडलं की तलाव मागे सरके. मग चाचा बसून, वाकून, पायानं जमीन चाचपत पुढे जात आणि नवी शेवटची गाठ स्वतः मारत. त्यात अर्धा तास जाई. मला त्याचा कंटाळा यायचा, हे आज कबूल करतो.

त्या रविवारी पाणी बरंच आत गेलं होतं. चाचा बाभळीखाली गांडुळं निवडत बसले होते. मी उघड्या पडलेल्या दगडांवरून उड्या मारत पुढे गेलो, दोरी वाढवून शेवटच्या दगडाला बांधली आणि गाठ मारून टाकली. मधला गाळ वाळून भेगाळला होता, चांगला टणक दिसत होता. "गाठ मारली चाचा, बिनघोर जा," म्हणालो आणि रस्त्यावरच्या टपरीवर चहाला गेलो.

चहा हातात आला आणि घुंगरू वाजायला लागलं. थांबेचना.

"म्हाताऱ्याला मोठा लागला वाटतं," टपरीवाला म्हणाला.

"रहू असंल," मी म्हणालो. आणि चहा पुरा प्यायलो.

परत आलो तर चाचा छातीपर्यंत गाळात होते. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात काठी. ती ते हलवत होते. टपरीवाल्याला हाक मारून दोघांनी त्यांना दोरीनं ओढून काढलं.

"ओरडला का नाही चाचा?" मी विचारलं.

"वरडाया दम कुठं हुता? छाती आवळली हुती. म्हटलं, घुंगरू तू वळखशील."

रागावले असते तर बरं झालं असतं. मोटारसायकलवर नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले. नागापूर जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "बघून गाठ मारलीस बेटा. पाय लावून मारायची हुती."

पुढच्या रविवारी गेलो तर त्यांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग मीच विचारायचं सोडलं. वर्षाच्या आत चाचा त्याच खाटेवर, भिंतीकडे तोंड करून गेले. चाचींनी काठी मला दिली. "तुझ्याबरोबर लई खूश असायचे," म्हणाल्या. तलावावर काय घडलं ते चाचांनी घरी सांगितलंच नव्हतं.

काठी आमच्या गॅलरीत टांगलेली आहे. बायको म्हणते, निदान ते घुंगरू तरी काढा. माझ्यानं काढवत नाही. वारा सुटला की ते वाजतं. वारा आहे हे मला ठाऊक असतं. तरी हातातला चहा तसाच ठेवून मी उठतो आणि जाऊन बघतो.