अक्काची बिनटपाची गाडी

रविवार, दोन फेब्रुवारी. बंगळुरातलं राजाजीनगरचं घर. कुमुदअक्काच्या गोडाच्या जेवणाला हजर: तिचा मुलगा निखिल, पुण्याहून, आमच्या थोरल्या नणंद नंदावन्सं, बेळगावहून, माझे यजमान श्रीधर, म्हणजे अक्काचे धाकटे दीर, शेजारची आणि मराठी मंडळातली काही माणसं, आणि मी, अक्काची धाकटी जाऊ. गैरहजर: अक्का, आणि तिची गाडी. कोण आलं, कोण जेवलं, कोणाबरोबर डबा द्यायचा हे टिपून ठेवायचं काम आमच्या घरात माझ्याकडे असतं, म्हणून हेही मीच लिहिते आहे. त्या दिवशी जो आला त्यानं तसबिरीला नमस्कार केला, निखिलच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून एकच वाक्य म्हटलं... ‘त्या गाडीनं घात केला हो.’

आधी तसबिरीचं सांगते, कारण माझा राग तिथून सुरू झाला. तो फोटो मी काढलेला. हेसरघट्ट्याच्या रस्त्यावर, चिंचेच्या झाडाखाली, अक्का तिच्या लाल गाडीत बसली होती. गाडीचा कापडी टप मागे घडी करून ठेवलेला, डोक्याला पिवळा रुमाल, डावं कोपर शेजारच्या सीटच्या पाठीवर आणि चेहऱ्यावर असं हसू की फोटो काढणाऱ्यालाही हसू यावं. मंडळातल्या कोणीतरी, शोभत नाही म्हणून, कात्री चालवून त्यातून गाडी काढून टाकली. स्टिअरिंग गेलं, दार गेलं, झाड गेलं. मागे राखाडी रंग भरला. राहिलं काय, तर एक बाई, जिचं कोपर हवेत टेकलं आहे आणि जी कशाला हसते आहे ते कळायला मार्ग नाही. त्यावर चंदनाचा हार. येणारे म्हणत होते, किती प्रसन्न फोटो आहे! अहो, ती गाडीला हसत होती.

नंदावन्सं पंगतीतच म्हणाल्या, “वारं लागलं की गं तिला. ह्या वयात डोकं उघडं टाकून, ऐन थंडीत, तसल्या गाडीतनं हिंडायचं म्हणजे काय? छाती धरणारच की. मी सांगितलेलं, चारचौघांसारखी टपाची गाडी घे म्हणून. ऐकतंय कोण?”

“वन्सं, गाडी डिसेंबरपासून होसकोट्याला गॅरेजात आहे,” मी म्हटलं. “टपाचं कापड बदलायला आणि इंजिन उघडायला दिली होती.”

“असू दे की. लागलेलं वारं अंगात राहतंय.”

पंगतीत वाद नको म्हणून मी त्यांना आणखी एक जिलबी वाढली.

पण इथे बोलते. अक्का गेली ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. जानेवारीचा महिना, अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचा, हंगाम. भिजवलेल्या दाण्यांची सालं चिमटीत धरून सोलायचं ते कंटाळवाणं काम ती दर वर्षी सगळ्यांसाठी करायची. पातेलं अर्ध्यावर आलं असताना तिनं मान टेबलावर टेकली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हृदयविकाराचा झटका, आधी कळण्यासारखं काही नव्हतं. शेवटचे कितीतरी आठवडे ती भाजीला, बँकेत, माझ्याकडे, सगळीकडे रिक्षानं जात होती. वाराच लागायचा असता तर रिक्षाचा लागला असता. रिक्षाला दोन्ही बाजूंना दारं नसतात. पण रिक्षानं घात केला असं कोणी म्हणत नाही. अवरेकाळूनं घात केला असंही म्हणत नाही. बाईनं केलेली नेहमीची कामं निर्दोष असतात. दोष तिनं हौसेनं केलेल्या एका गोष्टीचा.

ती गाडी आली कशी, ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी बरोबर होते. अक्का निपाणीची, लग्नानंतर सगळं आयुष्य बंगळुरात. होसकोट्याच्या एका रंगाच्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळून निवृत्त झाली. थोरले भावजी, म्हणजे अक्काचे यजमान, असेपर्यंत घरची मोठी गाडी तीच चालवायची आणि भावजी शेजारी बसून पायानं खोटा ब्रेक दाबायचे. ते गेले, निखिल पुण्याला स्थिरावला, आणि एक दिवस अक्कानं मला फोन करून विचारलं, “मंगल, शनिवारी सकाळी मोकळी आहेस? हेब्बाळला एक गाडी बघायची आहे. श्रीधरला पण घे, नाहीतर माझ्याशी कोणी बोलणार नाही.”

झालंही तसंच. गाडी विकणारा संगणकवाला तरुण परदेशी निघाला होता. त्यानं किल्ली श्रीधरच्या हातात दिली. “सर, इंजिन बघून घ्या.” श्रीधरना इंजिन आणि शिवणयंत्र यांतला फरक सांगता येईल, याच्या पलीकडे खात्री नाही. त्यांनी किल्ली अक्काकडे दिली. तरुण पुन्हा श्रीधरना म्हणाला, “सर, मॅडमना आवडेल ना रंग?” अक्का खाली बसली, पायाखालची सतरंजी उचलून आतल्या पत्र्यावर बोटं फिरवली, बोटं नाकाशी नेली. मग तरुणाच्या आईकडे कळशीभर पाणी मागितलं. त्या माउलीला वाटलं, हात धुवायचे असतील. अक्कानं टप बंद केला, आत जाऊन बसली, काचा वर केल्या आणि मला खूण केली... ओत. मी टपावर कळशी रिती केली. तरुण “अहो, अहो” करत पुढे धावला. काचेआड अक्का मान वर करून बसलेली. एक थेंब तिच्या बरोबर नाकावर पडला. ती बाहेर आली, रुमालानं नाक पुसलं आणि म्हणाली, “गळतंय. घेते.”

पुढे सगळ्यांनी विचारलं, का? वन्सं, निखिल, मंडळाच्या अध्यक्षीणबाई, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. का घेतली? अक्काचं उत्तर ठरलेलं होतं, “मिळाली म्हणून.” त्यानं कोणाचं समाधान होत नसे. समोरच्या घरातले निवृत्त साहेब साठीत भली मोठी मोटारसायकल घेऊन आले, तेव्हा अख्ख्या गल्लीनं नारळ फोडला, पेढे खाल्ले. त्यांना कोणी ‘का’ म्हणून विचारलं नाही. त्यांची ती हौस. अक्काचं ते काहीतरी बिनसलेलं. मंडळात एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “त्यांना एकटेपणाचा त्रास होतोय का हो?” मी म्हटलं, “गाडीला दोनच सीट आहेत याचा होतोय. सगळ्यांना बसायचं असतं.” तिला विनोद कळला नाही. मला तो करावा लागला याचाच संताप आला.

आणि ती गाडी सांभाळणं म्हणजे काही सुख नव्हतं, हेही लिहिते. या शहरात दर वळणावर एक हंप, म्हणजे गतिरोधक, आणि गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर. अक्का प्रत्येक हंप तिरकी चढायची. मागचे हॉर्न वाजवायचे, ती त्यांना हात दाखवायची. उघड्या टपातून धूळ, धूर, सिग्नलवरच्या बसमधून थेट मांडीत डोकावणारी माणसं. एकदा कंडक्टरनं खिडकीतून वाकून विचारलं, “मेडम, कोडे बेका?” छत्री हवी का? अक्का म्हणाली, “कोडि!” दे! तो हसत मागे सरला. रिक्षावाला ओरडला, “अज्जी, सूपर!” अक्कानं त्याच्याहून मोठ्यानं ओरडून सांगितलं, “अज्जी अल्ल, अक्का!” आजी नव्हे. पुढच्या सिग्नलपर्यंत तो “सॉरी अक्का, सॉरी अक्का” करत शेजारून चालला. लालबागेच्या प्रदर्शनातून कढीपत्त्याचं रोप आणलं ते उभंच्या उभं, माझ्या पायांत धरून. पानं आम्हा दोघींच्या डोक्यावर. ती म्हणाली, “बघ, टप असता तर मोडलं असतं.” असे फायदे ती शोधून काढायची.

टप हा आमच्या घरातला शब्द. बैलगाडीचा टप, टेम्पोचा टप, तसा हा टप. अक्का कन्नड अस्खलित बोलायची, पण गडबडीत निपाणी बाहेर यायची. हेब्बाळच्या पुलाखाली एका पोलिसानं हात केला. गाडीला छप्पर नाही, हे काय प्रकरण आहे, हे त्याला बघायचं होतं. “मेलगडे एनू इल्वल्ला?” त्यानं विचारलं. वर काहीच कसं नाही? अक्का घाईनं म्हणाली, “टप इल्ला री, टप इल्ला.” कन्नडमध्ये तप्पु म्हणजे चूक. त्याला ऐकू आलं, चूक नाही हो, चूक नाही. त्यानं विचारलं, “तप्पु अंता नानु हेळिद्ना?” चूक आहे असं मी म्हटलं का? मग अक्काच्या लक्षात आलं आणि तिला हसू आवरेना. हात डोक्यावर नेऊन तिनं टप म्हणजे काय ते दाखवलं. तोही हसला, “सरी, तप्पु इल्ला. होगी,” बरं, चूक नाही, जा, म्हणाला आणि आमच्यासाठी त्यानं मागची रांग थांबवून धरली. त्या दिवसापासून ती आमची म्हण झाली. पोळी करपली, टप इल्ला. मंडळाची वर्गणी भरायला विसरले, टप इल्ला. दोघी जावा एकमेकींकडे बघायच्या आणि बाकीच्यांना वाटायचं, या काय हसतात.

म्हणून मला त्या जेवणाच्या दिवशी तसबिरीखाली बसून ऐकवेना. जी बाई पोलिसासमोर, हसत हसत, चूक नाही म्हणून सुटली, तिच्यावर तिच्याच घरात सगळे मिळून चूक लादत होते. आणि ती उत्तर द्यायला नव्हती.

जेवणं झाल्यावर कामं वाटली गेली, म्हणजे मला दिली गेली. “तू नीट करतेस,” हे आमच्या घरात कामं ढकलण्याचं वाक्य आहे. गॅस, फोन, वीज, बँक, पेन्शन, कपडे. सगळं केलं. शेवटचं काम नंदावन्संनी सांगितलं, “गाडी तिथल्या तिथं विकून टाक. दारात आणू नको. अपशकुनी आहे.” निखिलनं मान हलवली. गाडी आता त्याची. तो म्हणेल ते करायला हवं.

मी टाळत राहिले, तेव्हा गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. “काकू, गाडीचं झालं का?”

“नाही.”

“कोणी घेत नाहीये?”

“मी विचारलेलंच नाही कोणाला.”

तो म्हणाला, “काकू, मला ती बघवत नाही. आईला काय झालं होतं तेच मला कळलं नाही. मी कितीदा विचारलं तिला.”

“काय विचारलंस?”

“का घेतलीस म्हणून.”

“तेच,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, चढू दिला. “का, एवढं विचारणं आम्हा सगळ्यांना येतं. तू पुण्याहून येत होतास, दोन-दोन दिवस राहत होतास, ती किल्ली टेबलावर तुझ्या ताटाशेजारी ठेवायची. कधी शेजारी बसलास? सगळ्या जगाला तिच्या गाडीबद्दल मत आहे, निखिल. कशी चालते, एवढं मात्र एकानंही विचारलं नाही. पोलिसानं जेवढी चौकशी केली तेवढीसुद्धा घरच्यांनी केली नाही. आणि आता म्हणता, गाडीनं मारलं. गाडी त्या दिवशी इंजिन उघडून होसकोट्यात पडली होती, बाबा. तुझी आई अवरेकाळू सोलत होती. तुझ्यासाठी पण डबा भरणार होती.”

तो “ठेवतो, काकू” म्हणाला. श्रीधर आतून आले. “फार बोललीस,” म्हणाले. मी म्हटलं, “अजून उरलंय.”

होसकोट्याहून मुनिराजूचा, म्हणजे गॅरेजवाल्याचा, निरोप आला आहे की इंजिन बसलं, टपाचं नवं कापड ताणून झालं, गाडी घेऊन जा. अक्कानं स्वतः कापड निवडलं होतं. काळं नको, माळ्यावरच्या ट्रंकेसारखं दिसतं, असं म्हणून गडद निळं. मी ते अजून पाहिलेलं नाही. त्याला म्हटलं, स्वल्प थांब, कोणी गिऱ्हाईक आलं तर दाखवू नकोस. तो “सरी अक्का” म्हणाला. मला पहिल्यांदाच कोणी त्या गाडीच्या संदर्भात अक्का म्हणालं, आणि मला फोन ठेवावा लागला.

परवा निखिलचा संदेश आला. माझ्या बोलण्यावर उत्तर नाही, माफी नाही, विकण्याचंही काही नाही. एवढंच लिहिलं होतं, “काकू, कशी चालते ती?”

मी कायम डाव्या सीटवर बसले. तिथून वारा कसा लागतो ते सांगता येईल, हंपवर पोट कसं घासतं ते सांगता येईल, गिअर बदलताना अक्काचे ओठ कसे आवळले जायचे तेही. पण त्यानं ते विचारलेलं नाही. त्याला उत्तर द्यायचं तर आधी होसकोट्याला जाऊन ती गाडी मला स्वतः चालवून बघायला हवी. ते अजून राहिलं आहे.