निम्म्या बॅटरीचं सीमोल्लंघन

युद्धात पेट्रोल रेशनवर गेलं आणि नेमकं तेव्हाच सांगलीच्या चिंतामणपंतांनी मोटर घ्यायचं काढलं. लोक हसले, हसण्याजोगंच होतं. एका जहागीरदाराच्या पागेत दोन जुन्या मोटारी विकायला होत्या. एक कोळशाच्या गॅसवर दणकून पळणारी, दुसरी विलायतेहून आलेली, बॅटरीवरची, जेमतेम गावात फिरण्यापुरती. शहाण्यांनी पहिलीकडे बोट दाखवलं. पंतांनी दुसरी घेतली, कारण धुराचा वास आला तरी बायकोला, अनसूयेला, दमा उसळायचा.

टांग्याचे हिसके आणि धूळही तिला सोसत नसे. कैक वर्षांत ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. दसऱ्याला एकदा गावाची शीव ओलांडायची, एवढंच तिचं मागणं होतं. पंत मनातल्या मनात तिला मिरजेच्या रस्त्याने रोज फिरवून आणत. प्रत्यक्षात मोटर पुसत बसत. त्या नादात अष्टमीची संध्याकाळ झाली, तेव्हा कुठे बॅटऱ्या बिराप्पाच्या चार्जिंगच्या दुकानात पोचल्या.

नवमीला सकाळी जाऊन बघतात तो यंत्र बंद, वर झेंडूची माळ!

"आवं पंत, आज खंडेनवमी न्हवं? यंत्राला इसावा," बिराप्पा म्हणाला. "बॅटऱ्या निम्म्या भरल्यात. आता दसरा झाल्यावरच."

पंतांनी वाद न घालता तशाच बॅटऱ्या परत आणल्या. घरी त्यांनीही दौत-लेखणी पुजून ठेवली होती.

दसऱ्याला दुपारी तरीही निघाले. मोटर पाण्यावरून जावी तशी आवाज न करता सरकत होती. दारांवरची तोरणं मागे पडली, घरं विरळ झाली. अनसूया डोळे मिटत होती, उघडत होती. हे खरंच चाललंय, यावर तिचा विश्वास बसेना.

शीव दिसू लागली तशी गाडी मंदावली. पंतांनी थांबवली.

"इथूनच वळलो तर घर गाठू," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पुढे गेलो तर तिकडेच अडकू. तुला त्रास झाला तर?"

"अहो, वळायला निघालो होतो का आपण?"

पंतांनी कळ पुढे लोटली. शिवेचा दगड मागे गेला आणि थोड्याच अंतरावर, उसाच्या कडेला, मोटर निपचित पडली. अनसूयेने पोटभर श्वास घेतला. मग आपट्याचं पान त्यांच्या हातावर ठेवलं.

"येईल कुणीतरी ढकलायला," पंत म्हणाले. आणि इतक्यात कुणी येऊ नये, असं त्यांना फार फार वाटलं.