काचेवरची चांदी
परवा देऊळगाव राजात सोनाराच्या दुकानी नायट्रिक ॲसिडचा घशाला खाजवणारा वास आला आणि एमएस्सीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलची दुपार आठवली. काचेवर चढवलेल्या चांदीच्या थराची, म्हणजे फिल्मची, जाडी मला आणि माझ्या मैत्रिणीला काढायची होती. थर ॲसिडमध्ये विरघळवायचा, चांदी किती उतरली ते तपासायचं आणि त्यावरून हिशेब करायचा. आधीचे सगळे थर सोलून निघाले होते, हा एकच टिकला होता. मैत्रीण चिमट्यात काच धरून ॲसिडच्या बीकरपाशी नुसतीच उभी. "काऊन थांबली व?" मी विचारलं. "एकदा विरघळली का गेली. पुन्हा कुठून आणू?" ती म्हणाली. तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक मागे येऊन उभे राहिले, तशी तिने डोळे मिटून काच सोडली. मग उतरलेली चांदी मोजायला मी त्या द्रावणात ब्युरेटमधून थायोसायनेटचा एकेक थेंब टाकू लागले. एक जरी जास्त पडला असता, तरी सगळं वाया गेलं असतं. लालसर रंग यायचा आणि हलवलं की जायचा. शेवटी तो टिकला, म्हणजे मोजणी पुरी झाली. आम्ही जाडी सांगितल्यावर परीक्षक म्हणाले, "आता फिल्म दाखवा." तिने कोरी काच उचलली. "यावर होती, सर." ते हसले, तेव्हा कुठे आम्ही श्वास सोडला. पास झालो, नोकऱ्या लागल्या, पण अजूनही फोनवर ती म्हणते, "थो थर लई सुंदर झाला होता व. एखादा फोटो तरी काढून ठेवाले पाह्यजे होता."